पाळी

हारिकानं साठवलेल्या पैशांतून हॅमस्टर आणला,
कन्ना चौकातून, बुटाच्या खोक्यात.
नाव ठेवलं कांडी,
कारण तो चाकावर चढला की
कांडी भरताना येतो तसाच आवाज येतो.
चढतो मात्र रात्री दहानंतर,
ती झोपली की.

"नान्ना, दिवसभर नुसता पडून असतो.
दुकानवाले म्हणाले, पाळी उलटी करता येते.
दिवसा अंधारात ठेवायचं, रात्री ट्यूब चालू.
पंधरा दिवसांत फिरतो."

मी चपला घालत होतो.
पंधरा दिवस.
माझी फिरवली त्याला एकोणीस वर्षं झाली,
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात,
रात्री आठ ते सकाळी आठ.
अजून पहाटे साडेतीनला
साच्यासमोर उभ्या उभ्या
गुडघे विचारतात, घरी कधी?
हे तिला सांगितलं नाही.
म्हटलं, कर.

आमच्या घरात दिवसाचा अंधार एकाच खोलीत.
खिडकीला दोन चादरी, एकीवर एक,
सेकंडचा माल, नक्षी चुकलेली,
एका हत्तीला पाच पाय.
त्या हत्तीखाली मी झोपतो.
तिथंच, उशाशी, पिंजरा आला.

राजमणी उंबऱ्यात विडीची पानं कातरत होती.
"एक होता, आता दोन झाले," म्हणाली.
"आणि रात्रभर ट्यूब? बिल कोण भरणार, तो?"

चार दिवस तो भुश्यातून बाहेर आला नाही.
पाचव्या दिवशी दुपारी, बाहेर त्रेचाळीस,
डोक्यावरचा पत्रा कडकड वाजतोय,
आणि कांडी चाकावर चढला.
खट खट खट खट.

खरं सांगतो, लाज वाटते,
पण इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.
माझं असंच आहे.
सुट्टीला घरात शांत झालं की दचकून उठतो,
वाटतं धागा तुटला, साचा बंद पडला.

हारिका शाळेतून आली, दप्तरासकट नाचली.
फिरला! नान्ना, फिरला!
शेजारच्या पोरांना बोलावलं,
मी तोंडावर पांघरूण घेतलं.

सुट्टीच्या रात्री सगळी झोपली.
मी ट्यूबच्या उजेडात तिची वही उघडली.
रकाने आखलेले, पट्टीनं.
किती वाजता उठला. किती फेऱ्या.
करडईचे दाणे किती खाल्ले:
सोळा. अकरा. अकरा. नऊ. सहा.
पुढं पेन्सिलनं एक प्रश्नचिन्ह,
खोडलेलं, तरी दिसणारं.

डब्यातून परत येणारी भाकरी
राजमणी अशीच मोजते,
फक्त वहीशिवाय.

पिंजऱ्यात तो जागाच होता.
झोपलेला नव्हता, उठलेलाही नव्हता.
कोपऱ्यात पाठ लावून
पांढऱ्या उजेडाकडे बघत,
साडेतीनला आमच्यातला कुणी बघतो तसा.
मी म्हटलं, तुला निदान पगार तरी मिळायला हवा होता.

मग ट्यूब बंद केली.

बराच वेळ काही नाही.
लांब कुठंतरी कुणाचे तरी साचे चालू.
मी जमिनीवर बसलो, पाय पसरून,
अंधाराची सवय आम्हा दोघांची आहे म्हणा,
पण हा अंधार वेगळा, वेळेवर आलेला.
आधी भुसा हलला.
मग दाणा फुटल्याचा आवाज,
एवढासा.
नंतर दुसरा.
मी मोजले. चौदापर्यंत मोजले,
मग चाक सुरू झालं आणि मला मोजता आलं नाही,
तिथंच भिंतीला टेकून डोळा लागला,
रात्री, इतर माणसांना लागतो तसा.

सकाळी हारिका कमरेवर हात ठेवून उभी.
"ट्यूब कुणी बंद केली?"

"लाईट गेली होती," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग वाटीतल्या रिकाम्या टरफलांकडे.
वही घेतली, पेन्सिल शोधली,
आणि कालच्या तारखेपुढं लिहिलं:
लाईट गेली.
"आज पण जाईल का?"