पावणेपाच किलो

कुठे दुखतं विचारलं, तर बोगुमिला
दोन्ही हातांनी टोपी घालून दाखवते.
नसलेली टोपी, दोन नंबरांनी लहान,
भुवयांवर घट्ट, कानांमागून फिरून
जिथे कवटी संपते तिथे मागे
गाठ मारलेली.

महिन्यातून किती दिवस?
बोटांवर मोजू लागते, मग थांबते.
न दुखलेले मोजणं सोपं, म्हणते.
चार.

रेक्याविकच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढला होता.
काही नाही, म्हणाले.
हे सांगताना ती अजूनही लाल होते.
काही नाही म्हणे!

अकरा वर्षं ती माशांच्या कारखान्यात
उजेडाच्या टेबलापाशी उभी आहे.
काच, काचेखाली दिवे, काचेवर कॉडचे पांढरे तुकडे.
मांसात कुठे तपकिरी किडा वेटोळं घालून बसलाय का
ते बघायचं, चिमट्याने उपसायचं,
पुढचा तुकडा.
उजेड खालून येतो, म्हणून मानही खाली.
आणि इथे इसाफ्योर्दुरमध्ये
नोव्हेंबर सरता सरता सूर्य डोंगराआड जातो
तो जानेवारी संपत आल्याशिवाय दिसत नाही.
वर बघण्यासारखं तसं काही नसतंच.

माझ्या खोलीत ती उताणी झोपते.
मी उशाशी, स्टुलावर.
तळवे तिच्या डोक्याखाली सरकवते,
बोटांची टोकं कवटीच्या कडेखाली.
तिथले चिमुकले स्नायू
भिजून वाळलेल्या दोरासारखे.
सोड, म्हणते मी. डोकं सोड.
सोडलं, म्हणते ती.
आणि तिचं डोकं माझ्या हातांच्या
केसभर वर
तरंगत राहतं.

ती मला मदत करत असते.

दात सुटे ठेव, ओठ मिटलेले चालतील.
हनुवटी आत घे,
कुणीतरी नासलेलं दूध नाकाशी धरल्यासारखी.
दुसरी हनुवटी दिसली तर दिसू दे.
दहा वेळा. दिवसातून तीनदा.
ती हसते, पण करते;
चहाच्या सुट्टीत, बुटांच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून.
शेजारची डोरोता विचारते,
कोणावर एवढी रुसलीस?

पाचव्या आठवड्यात मी कंटाळून म्हटलं,
बोगुमिला, डोक्याचं वजन माहितेय?
पावणेपाच किलो.
तिने डोळे उघडले.
आतडी काढून?

मला उत्तर सुचलं नाही.
ती छताकडे बघत राहिली, मनात काहीतरी तोलत.
म्हणजे बरा मासा आहे, म्हणाली,
हा मी एका हाताने उचलणार नाही.
रोज आठ तास?
आठ तास, मी म्हटलं, आणि घरी गेल्यावरही.

मग काही क्षण नुसती हीटरची टिकटिक.
मग ते आलं.
आधी थोडं, मग थोडं आणखी,
मग सगळंच, केसांसकट, कानांसकट,
माझी बोटं गादीत रुतवत.
मान टाकणं म्हणजे जीव जाणं, असं म्हणतात.
मी तिचा श्वास मोजत बसले.

तिच्या चौकटीच्या वहीत आता
कुठे चार, कुठे सहा, एका सोमवारी नऊ
(त्या दिवशी नवा मुकादम आला होता),
गोळ्यांच्या रकान्यात बऱ्याच रिकाम्या जागा,
आणि अधूनमधून पोलिश अक्षरांत एकच शब्द,
नित्स.
म्हणजे?
म्हणजे काही नाही, ती म्हणाली,
आणि या वेळी लाल झाली नाही.
फेब्रुवारीत असे तेरा.
तेराच. टेबल तेवढ्याच उंचीचं आहे,
ते वाढवून मिळावं म्हणून मी दोन पत्रं लिहिलीत.

तिने कोट चढवला, ती गेली.
खिडकीबाहेर समोरच्या डोंगराच्या खांद्यावर
पिवळसर पट्टा, रुंदीला हातभर.
पुढचा पेशंट बूट काढत होता.
त्याचं नाव पुकारायला तोंड उघडलं
तेव्हा कळलं,
सकाळपासून माझेच दात
एकमेकांवर रोवलेले होते.