तिसरी ओळ

मुरारच्या सदर बाजारात, पिठाच्या चक्कीला लागून,
छिद्दीलाल पेंटर फौजींच्या ट्रंका लिहितो.
तीन ओळी. नाव, नंबर, ठिकाण.
ठिकाण तो जरा पातळ रंगात लिहितो.
म्हणतो, ही ओळ पुसायचीच असते.

आज त्याच्या फळीवर माझी ट्रंक आहे.
मला त्यानं ओळखलं नाही, ट्रंक ओळखली.
हिला जोडीदार होती ना एक?
मेजरसाहेबांची. दोन्ही एकाच दुपारी केल्या,
एकाच ब्रशनं. वर तुम्ही पेढे दिले होते.

हो. दिले होते.

ती ट्रंक इथंच आहे, छिद्दीलाल.
तिची तिसरी ओळ अजून तुळतुळीत आहे.
तिचा मालक पहाटे मैदानाला चार फेऱ्या मारतो,
मेसमध्ये खिडकीजवळची खुर्ची त्याचीच,
त्याच्या चौकशीला पुढची तारीख मिळते.
बदली माझी झाली.
यातलं मी काहीच बोलले नाही.
ब्रश कुठला वापरतोस, एवढं विचारलं.

मी नर्स आहे, रंग मला कळतात.
पहिल्या दिवशी लाल, मग जांभळा,
सहाव्या दिवशी कडेनं हिरवट,
दहाव्याला पिवळा, खणात अंथरलेल्या जुन्या पेपरसारखा.
वॉर्डात पोरांना मी डागावरून वार सांगते:
हे कालचं नाही रे, तू मंगळवारी पडलास.
स्वतःच्या दंडावर मोजायला घेतलं
तर तीन आठवडे एकदमच निघाले.
ग्वाल्हेरच्या थंडीचे उपकार आहेत माझ्यावर,
पूर्ण बाह्या घालता येतात.
मार्च लागला तेव्हा मी अर्ज लिहिला.

मेट्रनबाईंनी तो उभ्यानंच वाचला.
बस म्हणाल्या नाहीत. बरं केलं,
बसले असते तर उठता आलं नसतं.
तिसऱ्या दिवशी पाकीट हातात. गाडी सुटल्यावर फोडायचं.
आईला सांगायचं नाही, लष्करातल्या मावशीलाही नाही,
जिच्याकडे माझा डबा राहिलाय, गुळाच्या पोळ्यांचा.

छिद्दीलाल घासायला लागला.
काळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली पत्रा.
आडनावाला वेळ लागला, गडी चिवट.
नाव?
हेमांगी. तेवढंच.
नंबर?
त्याला हात लावू नकोस.
तो लग्नाआधीचा आहे.
और जगह, मॅडम?

चक्कीचा पट्टा फटफटत होता,
पिठाची साय त्याच्या भुवयांवर, माझ्या बुटांवर.
कोरी ठेव, म्हटलं.

त्यानं ब्रश डब्याच्या काठावर निथळवला.
खूप वेळ निथळवला.
मग म्हणाला, तीस वर्षांत दोनच कोऱ्या सोडल्यात.
ही तिसरी. त्या दोन्हीही बायांच्याच.
कुणाच्या, मी विचारलं.
तो हसला नाही. म्हणाला,
उद्या तुमचं कुणी विचारलं, तर तेही नाही सांगणार.

पैसे दोनच ओळींचे घेतले.
निघताना खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत
बोटभर पांढरा रंग भरून दिला,
आणि एक झिजका ब्रश. अक्षर कसंय तुमचं?
बरं नाही, म्हटलं. नर्सेसचं कुठं असतं?

सात नंबरच्या खाटेवरच्या पोराचे टाके उद्या काढायचेत,
कुणीतरी दुसरी काढेल. त्याला दुखेल थोडं,
तो कापसाकडे न बघता तिच्याकडे बघेल.
क्वार्टरमागची मेथी चार बोटं वर आलीय,
खुडणाऱ्याची होईल.

ट्रंक गाडीत चढवायला हमालानं हात मागितला.
एका बाजूनं तो, एका बाजूनं मी.
रंग ओलाच होता. माझा अंगठा
नावाच्या पहिल्या अक्षरावर उमटला,
सगळ्या रेषांसकट.
टर्पेंटाइनचा बोळा जवळच होता.
तसाच वाळू दिला.