बारावं घर

अंबादास येलदीचा अँप्लिफायर
एकवीस वर्षं माझ्या टेम्पोत फिरला.
त्याचा मागचा कोपरा फुटलाय तो माझ्यामुळं.
अक्कलकोट रोडचा खड्डा. अजून सांगितलेलं नाही.

गिटार दिली पिंटो गार्डानं.
रेल्वे लाईन्सच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी
तो एकच तबकडी लावायचा,
कुणी परदेशी म्हातारा, घशात खडी घातल्यासारखा.
चौदा वर्षांचा अंबादास दारात,
चादर पोचवायला आलेला,
पैसे घ्यायचे विसरला.
घरी आईनं तेलुगूत धुतला.

पिंटोची बदली झाली गुंतकलला.
सामानात गिटार बसत नाही, म्हणाला.
बसली असती.

सहावी तार तुटली तर सायकलच्या ब्रेकची.
करंगळीत गिरणीच्या भंगारातली लोखंडी नळी.
आणि सूर लावायचा तो भोंग्यावर,
पहाटेच्या पाळीच्या.

एकदा विचारलं, हे ब्लूज म्हणजे काय बे?
म्हणाला, नीळ.
तेव्हा तो रंगखात्यात होता. हात बघितले तर
कोपरापर्यंत हिरवे. मी दाखवून दिलं.
थांब की, म्हणाला,
सूत हौदातनं निघतं तेव्हा हिरवटच असतं.
वारं लागू दे.

बारा घरं असतात, म्हणाला, कुंडलीसारखी.
पहिली चार आपली. पाचव्यात शेजारी जायचं,
दोन घटका बसून परत यायचं.
नवव्यात भांडण.
आणि बाराव्यात?
बारावं खर्चाचं. उरलंसुरलं तिथं उधळायचं,
की पुन्हा पहिल्या घराचं भाडं सुरू.

पण ऑर्केस्ट्रात कोण वाजवू देणार हे?
वरातीत, साखर कारखान्याच्या गॅदरिंगला
गायिका पाणी प्यायला टेकायची
तेवढी दोन मिनिटं त्याची.
एका साली गड्ड्यावर रत्नमालाला ठसका लागला.
अकरा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं.
टाळी एक नाही.
पाळण्याच्या रांगेतला एक जण, हातात तिकीट,
रांग सोडून स्टेजपाशी आला
आणि हळूच विचारलं,
कोण गेलं ओ?
अंबादास अजून त्या माणसाचं नाव काढतो,
म्हणजे नाव माहीत नाही,
तिकीटवाला म्हणतो.

गिरणी बंद पडली तेव्हा वाटलं
आता हा दिवसभर वाजवणार.
सहा महिने हात लावला नाही.
भोंगाच नाही, म्हणाला, सूर कुणाकडनं मागू?

आता एकाहत्तर. साखर आहे. दोन बोटं बधिर.
विडी घरकुलात राहतो, बायकोच्या विड्यांवर मिळालेल्या घरात.
ती कात्रीनं पान कापते, हा तार ओढतो,
पलीकडं भिंतीला लागून चार यंत्रमाग.
मी टेम्पो विकला तरी जातो,
कडक भाकरी, शेंगाचटणी, बसतो.

परवा दुपारी लाईट गेली.
माग एकदम गप्प.
सगळ्या बोळात पहिल्यांदाच
नुसती त्याची गिटार.
बाया मांडीवरची सुपं तशीच धरून दारात आल्या.
एक पोरगं चड्डी वर ओढत उभं राहिलं.
मला वाटलं, झालं, हाच तो दिवस,
आणि उगाच शर्टाची बटणं लावली.

अंबादास सातव्या घरात थांबला.
खिडकीतनं डोकं काढून ओरडला,
लाईट कधी येणार बे?
ठेका नाही इकडं.