सात गाळे, एक जिना

बसलिंग शिरकोळी म्हणाला,
एकाच गाळ्यात पैसा घालू नका, मास्तर.
एकच भाडेकरू पळाला की चूल थंड.
सात असले की दोन बुडतात, पाच तरतात.
कंडक्टरला तो मास्तर म्हणतो.
दलालीत तेवढं गोड बोलणं धरलेलंच असतं.

एकतीस वर्षं गोकाकच्या गाडीवर माणसं मोजली.
फंडाचे बावीस लाख,
मालनच्या वाटणीच्या रानाचे अकरा
(सही करून ती तीन दिवस बोलली नाही),
बाकी सोसायटीचं कर्ज.
हुक्केरीच्या कचेरीत खरेदीपत्र कानडीत.
माझं कानडी पाट्यांवरचं,
गावांच्या नावांपुढं सरकत नाही.
पूर्वेला रस्ता, एवढं वाचता आलं.
उरलेल्या तीन दिशा विश्वासावर घेतल्या.

संकेश्वरात, मिरची बाजाराच्या पाठीमागं इमारत.
फेब्रुवारीत आख्खा जिना शिंकतो.

खाली इराप्पा कमते, बी-बियाणं आणि औषधं.
त्याचं गिऱ्हाईक सुगीला पैसे देतं,
म्हणून मलाही सुगीलाच.
शेजारी कलावती नाशिपुडी, बांगड्या.
पाच तारखेला, मी तोंड उघडायच्या आत,
रबर लावलेल्या नोटा, वर एक सुपारी.
मग रफीक बागवान, मोबाईलवाला.
चौथा गाळा आठ महिने बंद,
शटरखालून मांजर जाते-येते, फुकट.
वर झेरॉक्स, शिवणक्लास,
आणि बाजाराच्या दिवशीच येणारा दातांचा डॉक्टर.

शिरकोळीच्या कागदावर साडेआठ टक्के.
मालननं घरफाळा वजा केला, गच्चीचं डांबर वजा केलं,
चौथा गाळा वजा केला,
आणि पेन्सिल कानामागं ठेवली.
आकडा सांगितला नाही.

भाडं मागायला गेलो की झेरॉक्सवाला म्हणतो,
नाळे बर्री, उद्या या.
पूर्वी लोक दारावर हेच लिहायचे, नाळे बा,
भूत वाचायचं आणि माघारी जायचं.
मलाही एवढं कानडी येतं.

जिन्यातल्या दिव्याचं बिल कुणाचं, हा वेगळा खटला.
खालचे म्हणतात, आम्ही चढतच नाही.
वरचे म्हणतात, जिना मालकाचा.
शेवटी एक म्हातारा, गालावर हात धरून
दाढ काढून उतरताना अंधारात दोन पायऱ्या चुकला.
दुसऱ्या दिवशी दिवा माझ्या मीटरवर घेतला.
वहीत कुठल्या नावाखाली लिहू कळेना,
‘फुकट पास’ लिहिलं.

मग आली शांतव्वा.
चौथा गाळा पाहिजे, मिरची कांडपाची गिरणी घालते.
सगळ्यांपेक्षा दीड हजार जास्त, सहा महिन्यांचं आगाऊ.
शिवणक्लासच्या पोरी नाकाला ओढणी लावून खाली आल्या.
डॉक्टर म्हणाला, तोंड उघडून बसलेला माणूस
शिंकला तर सुई कुठं जाईल?
इराप्पा म्हणाला, यंत्र हादरलं की माझ्या बाटल्या नाचणार.
मी म्हणालो, बघतो,
म्हणजे माझंही नाळे.

कलावती काही बोलली नाही.
संध्याकाळी बांगड्या पुठ्ठ्यात भरता भरता म्हणाली,
दोन किलो मिरची कांडायला अर्धा तास लागतोय, मालक.
अर्धा तास बाई कुठं उभी राहील?
कुणाच्या काचेपुढं?

शिरकोळीच्या कागदात हे नव्हतं.

पंख्याला धुराडं लावायचं, दुपारी दोनला बंद करायचं,
ह्या अटी मी मराठीत लिहिल्या,
शांतव्वानं कानडीत सही केली.
बोकेभर कुलूप निघालं, मांजर निघून गेली.
पहिल्या दिवशी पट्टा फिरला
आणि जिना वरून खालपर्यंत शिंकला,
मी पहिल्या पायरीवर, सगळ्यांच्या आधी.

बाजाराचा दिवस आला, डॉक्टर आला नाही.
त्याच्या दाराला हात लावून बघितलं, कुलूप होतं.
आतली खुर्ची अजून आहे.
खाली बायकांची रांग,
एकीच्या मनगटात हिरव्या बांगड्या नव्या.
दिवसाढवळ्या जिन्यात दिवा जळत होता.
बंद करायला हात वर केला,
तेवढ्यात वरून कुणाची तरी चप्पल वाजली.
राहू दिला.