आठ दिवसांचं

गोळे कॉलनीतून पाव किलो आणलं
सूर्यफुलाचं लेसिथिन.
दिसायला काकवी, वासाला कच्चे शेंगदाणे,
आणि चमचा काही सोडत नाही,
चप्पल घालूनही दारात बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखं.

सातपूरच्या कंपनीत अठरा वर्षं
मी दुसऱ्यांचे रंग तोलले, मिलिग्रॅमपर्यंत.
आता सिडकोतल्या ओट्यावर तसलाच काटा,
शेजारी पोह्यांचा डबा.

पहिली खेप फाटली.
वर तेल, खाली गुलाबपाणी,
मधे एक पिवळट रेघ,
भाऊबंदकीत मोजणीवाल्याने ओढावी तशी.

दुसऱ्या खेपेला दोन्ही भांडी सारखीच कोमट केली,
लेसिथिन तेलात विरघळू दिलं,
आणि पाण्याची धार इतकी बारीक धरली
की रवी फिरवता फिरवता मनगट म्हणालं, बास.
तेव्हा कुठे पांढरं झालं.
पांढरं नाही खरं तर. सायीच्या रंगाचं.

लेक म्हणाली, आई, याचं एक टोक पाण्याकडे, एक तेलाकडे,
दोघांना धरून ठेवतं. म्हणजे तूच की.
म्हटलं, उपमा नको. भांडी घास.

मंजुळा गांगुर्डे दिंडोरीकडे द्राक्षबागेत जाते,
आधी थिनिंगला, मग घड बुडवायला.
निफाडचा पारा पेपरात छापून येतो,
तिच्या बोटांचा येत नाही.
तिने डबी हुंगली, मागे सरकवली.
"अंड्याचं नाही ना ताई? मार्गशीर्ष चालूय."
"बलकातही असतं हेच," मी म्हटलं, "पण हे फुलाचं."
फुलाचं म्हटल्यावर तिने डबी पदरात घेतली
प्रसादासारखी.

तिथेच माझं चुकलं.

पंधरा दिवसांनी आली. हात तसेच, भेगांत माती.
"जपून ठेवलंय. रेणुकाच्या हळदीला काढीन."
हळद वैशाखात.
डबी उघडली तर कडेने हिरवी बुरशी, खवट वास.
टिकण्यासाठी मी काही घातलंच नव्हतं त्यात.
सांगितलं होतं का तिला? आठवत नाही.
मला तोलायची सवय आहे, सांगायची नाही.

आता बामच्या रिकाम्या बाटल्यांत भरते, बोटभर.
वर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख, आठ दिवसांची.
आणि तिला ओट्याशीच बसवून म्हणते,
माझ्यासमोर लाव.
ती लाजते.
स्वतःच्याच हाताला हात लावायला लाजते.
आधी नखांभोवती, मग अंगठ्यावर,
जो बघून सहा महिने रेशनच्या मशीनला
कळत नाहीये ही कोण बाई.

काल दुकानात गेली ते लावून.
"मावशी, अंगठा पुसा आधी, तेलकट झालाय."
पुसला पदराला. नाही.
पुन्हा पुसला. नाही.
मागे रांग कुरकुरली, कुणी म्हणालं उद्या या.
तिसऱ्यांदा हिरवा दिवा.

"क्रीममुळे की पुसल्यामुळे, देवाला ठाऊक,"
दारात उभी राहून सांगत होती.
मी काट्यावर शून्य करून बसलेले,
तेल तीस, पाणी साठ, लेसिथिन पाच,
उरलेलं पाच काय ते बोलण्याच्या नादात विसरले.

बाटली तिने मागितली नाही या वेळी.
हात पुढे केला.
गहू अजून काखेतच.