प्रतवारी

ट्रक काट्यावर चढला की खिडकीची काच थरथरते.
मी नळी खुपसते गव्हात, मूठभर नमुना काढते.
ओल साडेबारा. प्रथिनं चौदा पूर्णांक दोन.
खाली सही, वै. देऊळकर,
जी इथं कुणालाच वाचता येत नाही.

हॉलम, मोंटाना. सीमा अकरा मैलांवर.
पलीकडे सत्तर वर्षं एकच खरेदीदार होता;
सगळ्यांचा गहू एका तोंडानं बोलायचा.
एका ऑगस्टात ते तोंड मिटलं.

पहाटे रांगेत पहिला मेट्रो ह्नातिउक,
सस्कॅचेवानची नंबरपाटी, दाढी केलेली, नवा शर्ट.
'बासष्टचा झालो,' म्हणाला,
'आज पहिल्यांदा माझा गहू मी विकतोय.'
पावती त्यानं घडी न घालता नेली.

त्या हिवाळ्यात आर्लिस साडेचारलाच भट्टी पेटवायची.
सहा खुर्च्या आणखी आणल्या, बंद शाळेच्या लिलावातून, बुटक्या.
त्यांवर गुडघे वर करून बसायचे पलीकडचे ड्रायव्हर.
ऑर्व्हल ट्वाइट त्यांना मीठ द्यायचा, बोलायचा नाही:
त्याचा भाव बुशेलमागे अकरा सेंटांनी उतरला होता
आणि माप तर माझं बरोबर होतं.
मापात पाप नव्हतं. पाप कुठं होतं, तेच कळेना.

वणीला बाबा कापसाची प्रत लावायचे, एकाधिकार खरेदीत.
काळ्या मखमलीवर धागा ओढून बघायचे लांबी.
योजना गेली, मखमल घरी आली.
पुढं कितीतरी वर्षं जेवता जेवता
त्यांची दोन बोटं हवेतून काहीतरी ओढत राहिली.
आई म्हणायची, हात धुवा आधी.

मग कंपनीनं चाळीस मैलांवर गोल रूळ टाकले.
एकशेदहा डबे, पंधरा तासांत भरून मोकळे.
आमचा रस्ता काउंटीनं दोनदा डांबरला, ट्रकांसाठी;
कर मात्र तिकडं जमा होतो.
मेट्रो आता थांबत नाही.
स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलतो, तेवढंच.
मागच्या वेळी काच खाली करून ओरडला,
'आज भाव का पडला, कुणाला विचारायचं असतं?'
मी हात हलवला. ऐकू आलं नाही असं दाखवलं.

शुक्रवारी काटा उखडून नेतील.
आर्लिस चार खुर्च्या परत विकतेय, दोन ठेवणार म्हणते.
मी खणातले जुने नमुने गोळा केले,
एका पुडीतले दाणे तोंडात टाकले,
चावत राहिले, पीठ गिळून चिकट गोळी उरेपर्यंत.

चांगला आहे. चौदाच्या वर नक्की.