ठराव क्रमांक एकशे चौदा

सभा अकराला सुरू झाली, म्हणजे पावणेबाराला.
'गणपूर्ती आहे' असं मी लिहिलं.
बारा सदस्य, मध्येच शिट्टी मारणारा माईक,
चहा आणि खारे काजू, लेखाशीर्ष किरकोळ.

विषय सात : घनकचरा संकलन व वाहतूक
बाह्य यंत्रणेमार्फत करणेबाबत.
बाह्य म्हणजे घाटावरचा कोणी.
लिफाफे तीन. एकात बयाणा रक्कमच नाही,
दुसरा तिसऱ्याच्या मेव्हण्याचा
(गावाला ठाऊक, कागदाला नाही)
आणि तिसऱ्याचा दर, टनामागे, सगळ्यात कमी.

दाजी खोबरेकर म्हणाले, आस्थापना खर्च
मर्यादेच्या वर गेलाय,
चालकाचं पद सात वर्षं रिकामं,
कुणाच्या जिवावर उचलायचं?
बस्त्याव डिसोजा म्हणाला, ट्रॅक्टरच्या दुरुस्तीचे पैसे
आपण तीनदा मंजूर केले,
ट्रॅक्टर अजून गॅरेजातच,
त्याच्या ट्रॉलीत आता कोंबडी अंडी घालते.
हशा.
मी लिहिलं : सविस्तर चर्चा झाली.

विनया टिकम खोटं बोलत नव्हत्या.
गाडी आली नाही की लोक पिशव्या
त्यांच्या गडग्यावर आणून ठेवतात.
एकदा कुर्ल्यांची कवचं, तीन दिवसांची,
आणि आत सासऱ्यांच्या तेराव्याची पानं वाढलेली.
'मला कोण उचलतो ते नको सांगू,
उचललं जातं का ते सांग.'
यावर बस्त्यावसुद्धा गप्प.

तेव्हा दारातून यशोधरा असरोंडकर बोलली.
रोजंदारी, एकवीस वर्षं, बंदर ते बाजारपेठ,
गळ्यात पितळेची शिट्टी :
'सायबानु, वजन वल्याचा धरतल्यात की सुक्याचा?'

कुणी वर पाहिलं नाही.
'म्हणजे शहाळ्यात पाणी रवता,
थर्माकोलच्या पेटयेत बरफ रवता मासळेचो.
आमी ता वतून टाकतो. गाडीयेत भार नको म्हणान.
तो कित्याक वततलो?'

मुख्याधिकारी म्हणाले, सदस्य नसलेल्यांना
सभेत बोलता येत नाही.
बरोबर आहे. नियम आहे.
मी पेन उचललं नाही.

बाजूने नऊ, विरोधात दोन.
एकजण व्हरांड्यात फोनवर होता,
त्याची मान हलत होती, ती होकारात धरली.
अट अठरा : सध्याच्या कामगारांना
ठेकेदाराने सामावून घ्यावे.
पक्क्या प्रतीच्या वेळी साहेब म्हणाले,
'सामावून'च्या आधी एक 'शक्यतो' घाला.
इतिवृत्तात तो शब्द माझ्या अक्षरात आहे.
जरा दाटीने बसलाय, पण वाचता येतो.

गाड्या आल्या. हिरव्या, नव्या,
सकाळी सातला गाणं वाजवत.
खोटं कशाला, वेळेवर येतात.
विनयाबाईंच्या गडग्यावर आता अबोली आहे.
सामावून घेतले चार. शक्यतो, पंचेचाळिशीच्या आतले.

देयकं माझ्याच टेबलावरून जातात.
एप्रिल, सदुसष्ट टन. मे, ब्याऐंशी.
जूनमध्ये पाहुणे गेले,
किनाऱ्यावरच्या टपऱ्यांना झापं लागली,
शहाळेवाला आपल्या गावी गेला.
जून, एकशे सहा टन.

मी आकडा दोनदा जुळवला.
काटापावत्या आहेत, शिक्का आहे, बेरीज बरोबर आहे.
पाण्याला वेगळा रकाना नाही.
मी सही केली, दिनांक टाकला.

शिट्टी तिने परत केली त्या दिवशी
जडवस्तू नोंदवहीत जमा करून घेतली :
शिट्टी, पितळी, नग एक, स्थिती...
स्थितीपुढे काय लिहायचं ते सुचेना.
दुपारी कार्यालय रिकामं असताना
एकदा हळूच फुंकून पाहिली.
आत थुंकी होती की मीठ, कोण जाणे,
ओलसर वाजली.
पलीकडच्या आळीत एक दार उघडलं
आणि कुणीतरी बादली घेऊन बाहेर आलं.